नफ्याची उचल आणि तोट्याची रेषा

रोह्यात वकिली करणाऱ्या द्वारकानाथ देशमुखांचा मुलगा चिंतामण पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. रोह्याच्या वाणिज्य महाविद्यालयाला आज त्यांचेच नाव आहे. सी. डी. देशमुख १९४३ ते १९४९ या काळात गव्हर्नर होते आणि त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, मार्च १९४९ मध्ये, बँकिंग कंपन्यांचा कायदा अमलात आला. १९६६ पासून त्याला बँकिंग नियमन कायदा म्हणतात. त्यातली दोन कलमे इथे कामाची आहेत. कलम १५ सांगते, की बँक उभी करताना झालेला खर्च, भागविक्रीची दलाली, आधीचा तोटा, अशी ज्यांच्या बदल्यात हाती काही मालमत्ता नाही ती सगळी रक्कम पुरती फेडून टाकल्याशिवाय भागधारकांना लाभांश वाटायचा नाही. कलम १७ सांगते, की नफा झाला तरी लाभांशाआधी त्यातला किमान २० टक्के हिस्सा राखीव निधीत गेला पाहिजे. पतसंस्थांच्या सभांना बसणाऱ्यांना याची सहकारी आवृत्ती ठाऊक असते. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० प्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा दर वर्षी गंगाजळीत टाकावा लागतो आणि निबंधकांच्या परवानगीवाचून १५ टक्क्यांच्या वर लाभांश देता येत नाही. सभासद दर वर्षी कुरकुरतात. नफा झालाय, तो आमचा आहे, मग वाटत का नाही? या प्रश्नाचे उत्तर कायद्याने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. झालेला नफा आणि उचलण्याजोगा नफा या दोन वेगळ्या रकमा आहेत आणि दोहोंतला फरक भविष्यातल्या तोट्याने ठरतो.

हा जुना हिशेब आज एका अगदी नव्या जागी पुन्हा मांडावा लागतो. ती जागा म्हणजे फंडेड अकाउंट. परदेशी ‘प्रॉप’ कंपन्या काहीशे डॉलर फी घेऊन एक परीक्षा लावतात. तिला चॅलेंज म्हणतात. ठरलेला नफा ठरलेल्या तोट्याच्या आत करून दाखवला, की ५०,००० किंवा १,००,००० डॉलरचे म्हणवले जाणारे खाते ट्रेडरच्या हाती येते. नफ्यातला ८० किंवा ९० टक्के वाटा त्याचा, उरलेला कंपनीचा. भारतात ही गोष्ट लोकप्रिय व्हायला वेळही सोयीची पडते. न्यूयॉर्कचा शेअर बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ला आणि हिवाळ्यात ८ ला उघडतो, म्हणजे रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यातली दिवसपाळी संपवून घरी आलेला माणूसही जेवणाआधी सौदा करू शकतो. जाहिरातीत खात्याचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. खरे तर त्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, कारण खात्यात किती तोटा झाला की खाते बंद, हे वेगळ्या कलमात लिहिलेले असते. ५०,०००च्या खात्याला २,५०० डॉलरची मर्यादा असेल, तर ट्रेडरच्या हाती व्यवहारात २,५०० डॉलरचेच खाते आहे. बाकीचे ४७,५०० डॉलर शोभेचे. बहुतेक कंपन्यांत तर हे खाते प्रत्यक्ष बाजारात नसून नकली पैशांवर चालणारे डेमो खाते असते आणि ‘नफा’ कंपनी आपल्या खिशातून देते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की पेआउट, म्हणजे नफ्याची उचल, घेणे म्हणजे झालेल्या कमाईचा हिशेब मिटवणे नव्हे. ती पुढच्या तोट्यासाठी असलेली जागा विकणे आहे. पैसे उचलले की खात्यातली शिल्लक खाली येते आणि तोट्याची रेषा, म्हणजे शिल्लक जिला टेकली की खाते बंद तो आकडा, खाली येत नाही. मधले अंतर तेवढ्याने कमी होते. ही बाब इतकी साधी आहे, की कुणी ती नाकारणार नाही. तरीही खाती फुटतात ती बऱ्याचदा इथेच, कारण रेषा सगळीकडे सारखी नसते.

ट्रेलिंग प्रकारची रेषा आधी घेऊ. तीच सर्वांत फसवी. खाते ५०,०००चे, रेषा सुरुवातीला ४७,५०० वर. शिल्लक वाढली की रेषाही तिच्या मागोमाग २,५०० चे अंतर राखून वर चढते, पण शिल्लक घटली तर ती खाली येत नाही. नेहमीच्या नियमाप्रमाणे रेषा सुरुवातीच्या शिलकीला, म्हणजे ५०,०००ला, पोचली की तिथे कायमची थांबते. आता समजा ट्रेडरने खाते ५४,००० वर नेले. रेषा ५०,००० वर, अंतर ४,००० डॉलर. तो ३,००० डॉलरची उचल मागतो. शिल्लक ५१,००० होते आणि अंतर १,००० उरते. पहिला सौदा टाकला त्या दिवशी या माणसाजवळ २,५०० ची मोकळीक होती. चार हजार कमावून, एकदाही रेषेजवळ न जाता, तो आता पहिल्या दिवसापेक्षा अडचणीत आहे. वाटणी ८०-२० ची असेल तर त्याच्या हाती २,४०० आले. अंतर मात्र ३,००० ने घटले. वरचे ६०० डॉलर कंपनीकडे गेले आणि ती मोकळीक त्याच्या काहीच कामी आली नाही. उचलीची ही छुपी किंमत खात्याच्या पडद्यावर कुठेही दिसत नाही. सगळा नफा काढला, म्हणजे ४,००० च्या ४,०००, तर शिल्लक थेट रेषेवर येते आणि खाते तिथेच संपते. म्हणून बऱ्याच कंपन्या रेषेवर एक किमान शिल्लक ठेवायची अट घालतात. ती अट जाचक वाटते, पण ती नसती तर पहिल्याच पेआउटला निम्मी मंडळी स्वतःच्या हाताने खाते बंद करून बसली असती.

स्थिर रेषेचे गणित वेगळे आहे. १,००,००० चे खाते, तोट्याची मर्यादा १० टक्के, रेषा ९०,००० वर आणि ती कधीच हलणार नाही. शिल्लक १,०६,००० झाली आणि सगळे ६,००० उचलले, तर अंतर १६,००० वरून १०,००० वर येते. म्हणजे ट्रेडर फार तर पहिल्या दिवसाच्या जागी परततो, त्याहून मागे जात नाही. ‘नफा पूर्ण काढावा की नाही’ या प्रश्नावर दोन ट्रेडर तावातावाने भांडत असतील, तर ते बहुधा दोन वेगळ्या रेषांबद्दल बोलत असतात. दोघेही आपापल्या खात्यापुरते खरे असतात.

याहून चमत्कारिक तिसरा प्रकार आहे. काही कंपन्यांच्या अटीत पहिला पेआउट मागताच रेषा सुरुवातीच्या शिलकीवर आणून बसवली जाते, ती तिथवर स्वतः चढलेली असो वा नसो. ५०,००० चे खाते ५१,८०० वर आहे आणि रेषा ४९,३०० वर, म्हणजे अंतर पूर्ण २,५०० आहे, असे धरा. ट्रेडरने फक्त ८०० उचलले. शिल्लक ५१,००० झाली आणि रेषा उडी मारून ५०,००० वर आली. अंतर उरले १,०००. आठशेच्या उचलीसाठी दीड हजाराची मोकळीक गेली. खाते रेषा कुलूपबंद होईपर्यंत तसेच वाढू दिले असते आणि मग हेच ८०० काढले असते, तर किंमत ८०० च पडली असती. कलम १५ ची आठवण इथे होते. उभारणीचा खर्च फिटण्याआधी लाभांश नाही, हा नियम बँकेला लावला तो नेमका अशा घाईसाठी.

दिवसाच्या मर्यादेचेही एक उपकलम असते आणि उचलीनंतर ते दिशाभूल करते. दिवसाला १,२५० पेक्षा जास्त तोटा नको, असा नियम पडद्यावर तसाच झळकत राहतो, पण एकूण अंतरच १,००० उरले असेल तर तो आकडा निरुपयोगी आहे. दिवसाची मर्यादा पाळून खाते गमावणारे असतात ते असे.

रेषा कशाच्या मागे चढते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. काही खात्यांत ती दिवसअखेरच्या शिलकीमागे चढते, काहींत चालू सौद्यातल्या कागदी नफ्यामागे. दुसऱ्या प्रकारात सौदा १,५०० ने वर गेला आणि ट्रेडरने तो ३०० वर कापला, तर खात्यात ३०० जमा होतात, पण रेषा १,५०० ने वर सरकलेली असते. कधी न मिळालेल्या नफ्याची किंमत मोकळिकीतून वसूल होते. कागदावरचा नफा खरा मानल्याने काय होते, हे रायगड जिल्ह्याला वेगळ्या मार्गाने आणि फार जबर किमतीत कळले आहे. पेण अर्बन बँकेवर सप्टेंबर २०१० मध्ये निर्बंध आले आणि २०१४ मध्ये तिचा परवाना गेला. तिथे आरोप बनावट कर्जखात्यांचे होते, जास्तीच्या लाभांशाचे नव्हे, त्यामुळे दोन्ही प्रकरणांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. साम्य एकाच जागी आहे. ताळेबंदात दिसणारा आकडा आणि तोटा झेलायला खरोखर हजर असलेला पैसा यांत तफावत पडली, की ती तफावत ज्याच्या नावावर निघते त्याला ती शेवटच्या दिवसापर्यंत दिसत नाही.

अंतर कमी झाले म्हणून एवढे काय बिघडते, हे आकड्यांत पाहायला हवे. एका सौद्यात २५० डॉलर मिळतात किंवा २५० जातात, आणि ट्रेडर शंभरातले ५२ सौदे जिंकतो, असे धरू. हा ट्रेडर चांगला आहे. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अभ्यासात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला होता आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. म्हणजे ब्रोकरेज वजा होऊनही खरोखर ५२ जिंकणारा माणूस दुर्मीळ. तरी त्यालाच घेऊ. रेषा ५०,००० वर थांबलेली आहे. ४,००० चे अंतर म्हणजे त्याच्यापासून रेषा १६ पावलांवर आहे. कधी ना कधी तो रेषेला टेकण्याची शक्यता ४८ भागिले ५२ या अपूर्णांकाचा सोळावा घात, म्हणजे सुमारे २८ टक्के. १,५०० उचलले तर अंतर १० पावलांचे होते आणि शक्यता ४५ टक्क्यांवर जाते. ३,००० उचलले तर पावले ४ उरतात आणि शक्यता ७३ टक्के होते. त्याचे कौशल्य तेच, बाजार तोच, सौद्याची रीत तीच. बदलले ते एकच, आणि तेही त्याने स्वतः एका बटणावर बोट ठेवून बदलले. जिंकणे-हरणे अगदी निम्मे-निम्मे असेल तर कुठल्याही अंतरावरून टेकणे अटळच आहे. अशा माणसाने उचल कितीही जपून केली तरी प्रश्न फक्त वेळेचा.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की खात्यातला पैसा मुळात ट्रेडरचा नाहीच. पडद्यावरचे ५४,००० म्हणजे कंपनीने लिहिलेला आकडा. बँकेत आला तोच खरा. मग राखीव ठेवायचा कुणासाठी? या आक्षेपामागे पुरावा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेच्या वायदे नियामक आयोगाने ‘माय फॉरेक्स फंड्स’ या कॅनडातल्या कंपनीवर खटला भरला. तक्रारीप्रमाणे तिने १,३५,०००हून अधिक ग्राहकांकडून किमान ३१ कोटी डॉलर फी घेतली होती. कंपनीची मालमत्ता गोठली आणि तिच्याबरोबर लोकांचे पेआउटही. गंमत अशी, की २०२५ मध्ये न्यायालयाने हा खटला आयोगाच्याच वर्तनावर ठपका ठेवून कायमचा काढून टाकला. ज्याचा नफा त्या ऑगस्टमध्ये खात्यात पडून होता त्याला या न्यायाने काय दिलासा मिळणार? तेव्हा ‘लवकर काढा’ म्हणणारा माणूस मूर्ख नाही.

पण या आक्षेपाचे नेमके उत्तर १९५७ मध्येच दिले गेले आहे, आणि तेही शेअर बाजारात नव्हे तर विमागणितात. न्यूयॉर्कला भरलेल्या विमागणितज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ब्रुनो दे फिनेत्ती या इटालियन गणितज्ञाने मांडले, की विमा कंपनीने बुडण्याची शक्यता कमीत कमी करणे हे ध्येय धरले, तर तिने लाभांश कधीच देऊ नये असे उत्तर निघते. हे ध्येयच बावळट आहे. त्याऐवजी बुडेपर्यंत एकूण किती लाभांश वाटला गेला, आणि उशिरा मिळणाऱ्याची किंमत कमी धरून, तो जास्तीत जास्त कसा होईल हे पाहावे. एका पावलाला एक मिळते किंवा एक जाते अशा साध्या नमुन्यात त्याने दाखवले, की उत्तम रीत म्हणजे एक पातळी ठरवणे. पातळीखाली एक पैसाही वाटायचा नाही, पातळीवरचे सगळे वाटून टाकायचे. धरणाच्या सांडव्यावरून जसे काठावरचेच पाणी जाते, तसे. या रीतीने कंपनी कधी तरी बुडणार हे निश्चित असते, आणि तरीही भागधारकाच्या दृष्टीने हीच रीत उत्तम ठरते. फंडेड अकाउंटला हे हिशेबाने बसते, कारण ट्रेडरची अवस्था त्या भागधारकासारखीच आहे. खाते बुडाले तर त्याचे घर बुडत नाही, फक्त पुढचे पेआउट थांबतात. म्हणून खाते कायम जिवंत ठेवण्याचा हट्ट त्यानेही धरू नये. आणि कंपनीवरचा अविश्वास? तो ‘उशिरा मिळणाऱ्याची किंमत’ या हिशेबात येतो. कंपनी सहा महिन्यांत गाशा गुंडाळेल असे वाटत असेल तर पातळी खाली आणावी, विश्वास असेल तर वर न्यावी. अविश्वासाने पातळी खाली येते, शून्यावर येत नाही. शून्य पातळीचा एकच अर्थ होतो, की पहिल्या पेआउटनंतर खाते मेले तरी चालेल.

तसे चालेल, असेच दुसरा आक्षेप म्हणतो. खाते गेले तर १५० डॉलर भरून नवे चॅलेंज घेता येते, मग मोकळिकीची एवढी काळजी कशाला? इथे हिशेब अर्धाच केलेला असतो. धरा, दहा चॅलेंजमध्ये एक पार पडते. मग नव्या फंडेड खात्याची सरासरी किंमत १५० नसून १,५०० डॉलर झाली, शिवाय तेवढे आठवडे वेगळे. जे खाते हातात आहे ते त्या किमतीचे आहे आणि २,४०० च्या पेआउटसाठी ते ७३ टक्के शक्यतेवर सोडताना त्यातून हे वजा करायला हवे. कंपनीला हा उरफाटा हिशेब आवडतो, कारण तिची बरीच कमाई पुन्हापुन्हा फी भरणाऱ्यांकडून होते. बँकेने अशी घाई केली तर तिला अडवायला ठेवीदारांसाठी कायदा उभा असतो. एप्रिल २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी लागताच रिझर्व्ह बँकेने बँकांना मार्च २०२० अखेरच्या वर्षाचा लाभांश देण्यापासून रोखले, तेव्हा बँकांना विचारले नव्हते. प्रॉप खात्यात असा कुणी वरिष्ठ नाही. भारतीय ट्रेडरच्या बाबतीत तर मामला आणखी नाजूक आहे. परदेशी एक्स्चेंज वा पक्षाकडे मार्जिन म्हणून पैसे पाठवायला उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे एलआरएसमध्ये, परवानगी नाही, आणि परवाना नसलेल्या परकीय चलन मंचांची इशारा-यादी रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२ पासून प्रसिद्ध करते. वाद उद्भवला तर कुठल्या दारात जायचे, हे फी भरण्याआधी विचारलेले बरे.

तेव्हा पातळी ठरवण्याचे काम ट्रेडरलाच करावे लागते. माझ्या मते ट्रेलिंग खात्यात रेषा थांबेपर्यंत काहीच उचलू नये आणि त्यानंतरही पहिल्या दिवशीचे अंतर, वरच्या उदाहरणात २,५०० डॉलर, तळाशी धरून त्यावरचेच काढावे. ५४,००० वरून १,५०० काढता येतात, ३,००० नाही. यावर कुणी म्हणेल, की घरात हप्त्याची तारीख आली आहे आणि ३,००० च लागणार आहेत. ठीक. मग उचलीबरोबर सौद्याचा आकारही घटला पाहिजे. अंतर १,००० वर आले असताना सौद्यातला धोका २५० वरून १२५ केला, तर पावले ४ ऐवजी ८ होतात आणि टेकण्याची शक्यता ७३ वरून ५३ टक्क्यांवर येते. अंतर चौथाईवर आले म्हणून धोकाही चौथाई, म्हणजे साधारण ६२ डॉलर केला, तर पुन्हा १६ पावले आणि पुन्हा २८ टक्के. कमाई त्या प्रमाणात मंदावते, हे खरेच आहे. पूर्वी एवढा बारीक सौदा करताच येत नसे. एस अँड पी ५०० निर्देशांकाच्या ई-मिनी वायद्यात एक अंक हलला की ५० डॉलर हलतात, म्हणजे १,००० चे अंतर असलेला माणूस २० अंकांत खलास, आणि तेवढे तर निर्देशांक कित्येकदा चहा होईपर्यंत हलतो. मे २०१९ मध्ये शिकागोच्या सीएमई एक्स्चेंजने मायक्रो ई-मिनी आणला. त्यात एका अंकाला ५ डॉलर. त्याच १,००० डॉलरवर २०० अंकांची जागा मिळते, आणि पेआउट घेतल्यानंतरचे पहिले काही आठवडे या छोट्या वायद्यातच काढता येतात.